महिला फुटबॉल: आशियाई चषकाचं तिकीट मिळालं, आता ब्राझीलची वाट नेमकी कशी?

तेरेखोलकाठ | ११ ऑगस्ट २०२५, २१:४०

काल यांगूनला आपल्या वीस वर्षांखालच्या मुलींनी म्यानमारला त्यांच्याच मैदानात १-० ने हरवलं. त्या वयोगटात भारत २००६ नंतर पहिल्यांदाच आशियाई चषकाला पात्र ठरला. त्याआधी ५ जुलैला मोठ्यांच्या संघाने चियांग माईत थायलंडला २-१ ने हरवून २०२६च्या आशियाई चषकाचं तिकीट काढलं होतंच. एकाच पावसाळ्यात दोन. पुरुषांचा संघ जूनमध्ये हाँगकाँगकडून हरला, त्याचं रडगाणं मात्र अजून चालू आहे.

सावंतवाडीत यावर बोलायला माणूस शोधावा लागतो, म्हणून इथे धागा काढतेय. आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर सध्या दोन निरोप फिरतायत. पहिला: 'भारताच्या मुली वर्ल्ड कपला!' दुसरा एका काकांचा: 'मंगोलियाला तेरा गोल मारले त्यात काय मोठंसं.' पहिला खरा नाही आणि दुसरा अर्धवट माहितीचा आहे.

महिलांच्या बाबतीत आशियाई चषक हीच विश्वचषकाची पात्रता स्पर्धा असते. पुरुषांची पात्रता वेगळी चालते, वर्ष-दोन वर्षं, एक सामना घरी आणि एक बाहेर. त्यांचा आशियाई चषक वेगळा. बायकांची दोन्ही कामं एकाच स्पर्धेत उरकलेली आहेत. (उरकलेली असंच म्हणते मी.) त्यामुळे पुढच्या मार्चमधले तीन आठवडे काय ते ठरवणार.

हा चषक ऑस्ट्रेलियात १ ते २१ मार्चला आहे. १२ संघ. चौघांना पात्रता खेळावीच लागली नाही: यजमान ऑस्ट्रेलिया, आणि २०२२चे पहिले तीन, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया, जपान. उरलेल्या ८ जागांसाठी ३४ देश, ८ गटांत. गटात पहिली आलेली टीम आत, बाकी सगळ्या घरी. दुसऱ्या क्रमांकाला काहीच नाही, अगदी उत्तेजनार्थही नाही.

आपल्या गटात थायलंड, इराक, तिमोर-लेस्ते आणि मंगोलिया. सगळे सामने चियांग माईत, जेमतेम दोन आठवड्यांत. मंगोलिया १३-० (प्यारी खाखाचे एकटीचे पाच), तिमोर-लेस्ते ४-०, इराक ५-०. तिकडे थायलंडनेही तिघांना असंच धुतलं. शेवटच्या दिवशी दोघांचे गुण ९-९ आणि गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले गोल) दोघांचाही २२! थायलंड क्रमवारीत ४६वा, आपण ७०वे, मैदान त्यांचं, आणि तो संघ २०१५ आणि २०१९चा विश्वचषक खेळून आलेला.

संगीता बासफोरने पूर्वार्धात लांबून मारला, १-०. मध्यंतरानंतर लगेच थायलंडची बरोबरी. मग ७४व्या मिनिटाला पुन्हा संगीताच. आमच्याकडे त्या संध्याकाळी धो धो पाऊस, लाईट गेलेली, घरात सगळे दुसऱ्या दिवशीच्या आषाढीच्या साबुदाण्यात गुंतलेले, आणि मी पडवीत फोन उंच धरून स्कोअर बघत होते. शेवटची पंधरा मिनिटं रेंज येऊन जाऊन. २-१ दिसल्यावर ओरडले तर आईला वाटलं साप निघाला.

याआधी भारताने पात्रता फेरी खेळून हा चषक कधीच गाठला नव्हता. १९८० आणि १९८३ला आपण उपविजेते होतो हे खरं, पण तेव्हा स्पर्धेचं स्वरूपच वेगळं होतं. २०२२ला यजमान म्हणून फुकट जागा होती, आणि तिचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहेच.

आता ब्राझील. तिथे होणारा २०२७चा विश्वचषक ३२ संघांचा. आशियाला थेट ६ जागा, आणि आणखी दोन संघ आंतरखंडीय प्लेऑफला, म्हणजे इतर खंडांतल्या उरलेल्या संघांशी शेवटच्या संधीच्या सामन्यांना. आशियाई चषकाच्या उपांत्य फेरीत पोचलेले चार थेट जाणार. उपांत्यपूर्व फेरीत हरलेले चार आपसात दोन सामने खेळणार, जिंकलेले दोन थेट, हरलेले दोन प्लेऑफला. म्हणजे पहिल्या आठात आलं की ब्राझीलचं दार निदान किलकिलं तरी राहतं. बोला.

रापणकार | ११ ऑगस्ट, २२:१५

बायो, बरा लिवलंस. आमच्या वाडीतल्या झिलग्यांका सांगलंय तर म्हणतत, चेडवा फुटबॉल खेळतत होय? म्हटलंय, खेळतत आणि तुमच्यापेक्षा बरी खेळतत, तुम्ही बसा मोबाईल घेवन.

माका एक सांग. पयल्या आठात येवचा म्हणजे काय करूचा? बारा टीमी, तीन गट, मग आठ कशे काढतत?

तेरेखोलकाठ | ११ ऑगस्ट, २२:३१

@रापणकार, प्रत्येक गटातले पहिले दोन, म्हणजे सहा झाले. मग तिन्ही गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची आपसात तुलना, त्यातले वरचे दोन. झाले आठ.

२९ जुलैला सिडनीत सोडत निघाली. आपण क गटात: जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई (म्हणजे तैवान). क्रमवारीप्रमाणे केलेल्या चार भांड्यांपैकी शेवटच्या भांड्यात होतो आपण, इराण आणि बांगलादेशाबरोबर, त्यामुळे सोपा गट मिळायचा प्रश्नच नव्हता. तरी 'अ' मध्ये ऑस्ट्रेलिया-कोरिया आणि 'ब' मध्ये उत्तर कोरिया-चीन एकत्र आहेत हे बघता मला आपला गट त्यातल्या त्यात बरा वाटतो.

रापणकार | ११ ऑगस्ट, २२:४०

मगे तिसऱ्यातसून एकच टीम घराक जातली? त्या बिचाऱ्यांका काय वाटात!

अलिबागहून आलोय | ११ ऑगस्ट, २३:०५

रसभंग करतो, हलके घ्या. १३-०, ७-० असे स्कोअर ज्या खेळात लागतात तिथे स्पर्धा आहे असं म्हणायचं का? ३४ देश जमवायचे, त्यातल्या निम्म्यांनी दुसऱ्या निम्म्यांना तुडवायचं. याला पात्रता म्हणण्यापेक्षा हजेरी म्हणा. जपानसमोर आपलीही तीच गत होणार. २०२३च्या ऑलिंपिक पात्रतेत जपानने ७ मारले होते आपल्याला, विसरलात?

गणिती बंड्या | १२ ऑगस्ट, ००:१२

तेरेखोलकाठ यांनी गोलफरकाचं लिहिलंय त्यात थोडी भर, कारण टीव्हीवर यावर बराच गोंधळ घातला गेला.

एएफसीच्या (आशियाई फुटबॉल महासंघाच्या) नियमात गुण सारखे झाले तर आधी त्या दोन संघांचा आपसातला सामना बघतात, एकूण गोलफरक नंतर. म्हणजे शेवटच्या सामन्यात कोणीही जिंकलं असतं तर आधीचे २२ गोल कचऱ्यात. तेरा मारले काय नि तीन मारले काय. ते गोल कामाला आले असते ते फक्त बरोबरी झाल्यास. आणि इथेच गंमत आहे. दोघांचाही एकूण गोलफरक २२, दोघांनीही एकही गोल खाल्लेला नाही, म्हणजे मारलेले गोलही सारखेच. सगळंच सारखं. अशा वेळी ते दोन्ही संघ मैदानात समोरासमोर असतील तर तिथल्या तिथे पेनल्टी शूटआऊट. गटसाखळीच्या सामन्यात!

हे फक्त कागदावर नाही बरं का. त्याच पात्रतेत ताश्कंदला उझबेकिस्तान-नेपाळ ३-३ सुटला, शूटआऊट झाला आणि नेपाळ घरी गेला. एकही सामना न हरता.

आता उलटं बघा. भारताने मंगोलियाला तेराऐवजी आठच मारले असते, तर थायलंडला शेवटच्या दिवशी बरोबरी पुरली असती. ते दहा जणी मागे ठेवून खेळले असते. ७४व्या मिनिटाला संगीताला ती जागा कदाचित मिळालीही नसती. आठ गोल झाले तरी पोरी थांबल्या नाहीत, नववा, दहावा, तेरावा मारत राहिल्या, त्याचा हिशोब हा असा आहे. त्यात मंगोलियाचा अपमान वगैरे काही नाही.

चिपळूणकरीण | १२ ऑगस्ट, ०८:५०

हे नेपाळचं माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

पीटीचे सर | १२ ऑगस्ट, १७:२०

नमस्कार. निवृत्त क्रीडाशिक्षक, राजापूर तालुका. सहसा फक्त वाचतो, पण @अलिबागहून आलोय यांच्या 'हजेरी' या शब्दावर लिहावंसं वाटलं.

शालेय स्पर्धांची उतरंड सगळ्यांना माहीत असेल: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. रत्नागिरी-सिंधुदुर्ग येतात कोल्हापूर विभागात. कोल्हापूरला फुटबॉल म्हणजे काय असतं ते ज्याने तिथल्या तालमींच्या मॅचेस बघितल्या आहेत त्याला सांगायला नको. आमच्या मुली जिल्हा जिंकून विभागाला जायच्या आणि पहिल्याच फेरीत समोर कोल्हापूर किंवा इचलकरंजीची शाळा. बाद पद्धत. खेळ खल्लास, परतीची एसटी.

आता वर्षाचा हिशोब करा. तालुक्याला मुलींचा संघ आमचा एकच, त्यामुळे न खेळता पुढे चाल. जिल्ह्याला दोन संघ, एक सामना. विभागाला एक. झालं वर्ष. तेही ऑगस्ट-सप्टेंबरात, लाल चिखलात, बॉल पाणी पिऊन दुप्पट जड झालेला. सरावाला गोलपोस्ट नव्हते. बांधकामाचे जांभ्याचे चिरे दोन्हीकडे एकावर एक रचायचो. बॉल चिऱ्याला लागून वरचा चिरा पडला तर गोल धरायचा की नाही, यावर मुलींचे कडाक्याचे वाद व्हायचे. एक गोलकीपर होती, ती घरच्या काजूच्या बागेत काम करून यायची. बोंडांच्या चिकाने हातांची सालं गेलेली, तरी मोजे घालायची नाही, म्हणायची, सर, बॉल कळत नाही त्यातून.

सांगायचा मुद्दा हा, की त्या मुली हरायच्या त्या कमी पडायच्या म्हणून कमी, आणि सामनेच मिळत नव्हते म्हणून जास्त. चियांग माईत मंगोलियाच्या मुलींना चार सामने मिळाले. १३-० हरल्या, तरी पुढचा सामना ठरलेला होता. त्यापुढचाही. बाद पद्धत असती तर एका दुपारीच त्यांचं सगळं आटोपलं असतं. गटसाखळी महाग पडते, प्रवास, राहणं, जेवण, सगळं आलं. पण पात्रतेचं खरं काम तिथेच होतं.

तेरेखोलकाठ | १२ ऑगस्ट, १८:०२

सर, _/\_ . तुम्ही अजून लिहा ना यावर, वेगळा धागाच काढा.

नवीमुंबईतला | १२ ऑगस्ट, २२:४८

मूळ गाव मंडणगड, राहतो नेरुळला. २०२२बद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून लिहितो. 'ठाऊक आहेच' म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही.

तो आशियाई चषक आपल्या महाराष्ट्रात झाला. नवी मुंबई, अंधेरी, बालेवाडी. २० जानेवारीला डी. वाय. पाटीलवर भारत-इराण ०-०. सामना आपण जिंकायला हवा होता. तीन दिवसांनी चायनीज तैपेईशी सामना, आणि संघात कोरोना पसरला. खेळायला किमान १३ खेळाडू लागतात, तेवढ्या उभ्या राहिनात. सामना रद्द, आणि नियमाप्रमाणे भारत स्पर्धेतूनच बाद. इराणशी झालेली बरोबरीसुद्धा पुसली गेली. यजमानच स्पर्धेबाहेर!

स्पर्धा मात्र चालू राहिली, आणि पुढे जे झालं ते आपल्या अंगणात झालं. फिलिपिन्सने पुण्यात चायनीज तैपेईला पेनल्टीवर हरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विश्वचषकाचं तिकीट घेतलं. व्हिएतनामने नवी मुंबईत प्लेऑफ जिंकून तेच केलं, त्यांचंही पहिलंच. पुढे २०२३ला फिलिपिन्सने न्यूझीलंडला न्यूझीलंडमध्ये हरवलं.

व्हिएतनामची वाट तर बघण्यासारखी आहे, आणि ती थेट @रापणकार यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. गटात कोरियाकडून ०-३, जपानकडून ०-३, म्यानमारशी २-२. एकही विजय नाही! म्यानमारचाही गुण एकच, पण ते कोरियाकडून ०-२ आणि जपानकडून ०-५ हरलेले. उणे सहा विरुद्ध उणे सात. एका गोलाने व्हिएतनाम तिसरा. तिसरे म्हणून शेवटच्या आठात. तिथे चीनकडून १-३ हरले. मग प्लेऑफमध्ये थायलंडला २-०, तैपेईला २-१, आणि विश्वचषक. अख्ख्या स्पर्धेत दोन सामने जिंकून.

गणिती बंड्या | १२ ऑगस्ट, २३:१५

+१. म्हणूनच 'जपान सात मारेल' हा आक्षेप मला उलट महत्त्वाचा वाटतो. जपानकडून हरणार हे धरूनच चालायचं. प्रश्न आहे किती गोलांनी. म्यानमार पाचऐवजी तीनने हरला असता तर ब्राझीलच्या गप्पा मारणारा व्हिएतनाम आज असता का?

अलिबागहून आलोय | १२ ऑगस्ट, २३:४०

नवीमुंबईतला, माहिती भारी आहे. हे असं एकही विजय न घेता पुढे जाता येतं, म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध होतो असंही मी म्हणू शकतो, पण म्हणत नाही. पीटीच्या सरांचं पटलं. फक्त एक: मग आशियाने ३४ देशांना तीन-चारच सामने का द्यावेत? पुरुषांसारखी घरच्या-बाहेरच्या सामन्यांची पात्रता घ्या की. सावंतवाडीहून गोव्यात फातोर्ड्याला जाऊन भारताचा पात्रता सामना बघता आला असता लोकांना.

तेरेखोलकाठ | १३ ऑगस्ट, ०९:३०

@अलिबागहून आलोय, या एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने.

२०२२च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचे उपांत्य सामने फातोर्ड्याला होते. आम्ही मैत्रिणी बांद्यावरून गाडी करून गेलो. कोलंबिया-नायजेरिया शूटआऊटपर्यंत गेला. आमच्या पुढच्या रांगेत मडगावच्या एका शाळेतल्या मुली होत्या, गणवेशातच आलेल्या. त्यातली एक प्रत्येक पेनल्टीला गोलकीपर कुठल्या बाजूला झेपावणार ते आधी सांगत होती आणि बरेचदा बरोबर येत होतं. कसं ओळखतेस विचारलं तर कोकणीत म्हणाली, मारणारणीचे पाय बघ. त्या मुलीला स्वतःच्या देशाचा पात्रता सामना तासाभरावर बघायला मिळाला तर?

चार-पाच देश एका गावात जमवायचे आणि दोन आठवड्यांत आटपायचं, यात पैसे वाचतात हे कळतं. पण एक यजमान सोडला तर कुणालाच घरचं मैदान मिळत नाही.

चाकरमानी परळवाला | १३ ऑगस्ट, १३:१०

बाकीच्या खंडांचं कोणी लिहिलं नाही म्हणून जेवणाच्या सुट्टीत थोडक्यात.

युरोपला थेट ११ जागा. तिथे अ, ब, क अशा श्रेणी, अ श्रेणीतल्या चार गटांचे विजेते थेट, बाकीच्यांना प्लेऑफ. सामने घरी आणि बाहेर. गंमत म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी युरो चषक जिंकलेल्या इंग्लंडला त्या विजयामुळे विश्वचषकाची जागा मिळत नाही. जगज्जेत्या स्पेनलाही नाही. दोघींनाही पात्रता खेळायचीच. फुकटची जागा फक्त यजमान ब्राझीलला.

दक्षिण अमेरिकेत आत्तापर्यंत त्यांच्या खंडाच्या चषकावर, कोपा अमेरिकावर ठरायचं. यंदापासून त्यांनी वेगळी साखळी काढली आहे, घरच्या-बाहेरच्या सामन्यांची. म्हणजे @अलिबागहून आलोय म्हणतात तेच तिकडे केलं. आफ्रिकेत मात्र आपल्यासारखंच, खंडाचा चषक हीच पात्रता, उपांत्य फेरीतले चार थेट.

आफ्रिका ४, उत्तर-मध्य अमेरिका ४, दक्षिण अमेरिका ब्राझील धरून ३, ओशनिया १, आशिया ६, युरोप ११. बेरीज २९. उरलेल्या ३ जागांसाठी १० देशांची आंतरखंडीय प्लेऑफ, त्यात आशियाचे २. २०३१ला संघ ४८ होणार आहेत, तेव्हा हे सगळं पुन्हा बदलेल. पळतो, साहेब बघतोय.

चिपळूणकरीण | १३ ऑगस्ट, २१:००

वाचनखूण साठवली. माझी लेक बारावं संपवून तेराव्यात जाईल, वाशिष्ठीकाठच्या एका मैदानावर मुलांबरोबर खेळते. मुलींचा संघ होण्याइतक्या मुली नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, खेळू दे पण पुढे काय? मला विचारायचं होतं की या संघातल्या मुली कुठून येतात? सगळ्या मणिपूरच्याच का?

नवीमुंबईतला | १३ ऑगस्ट, २१:२५

मणिपूरच्या बऱ्याच, पण सगळ्या नाहीत. संगीता बासफोर बंगालची, प्यारी खाखा ओडिशाची, मनीषा कल्याण पंजाबची. मनीषा युरोपात चॅम्पियन्स लीग खेळलेली पहिली भारतीय मुलगी, सायप्रसच्या अपोलॉनकडून. कार्तिका अंगमुथू तमिळनाडूची.

पीटीचे सर | १४ ऑगस्ट, ०७:४५

चिपळूणकर ताई, मुलांबरोबर खेळते हे वाईट नाही, उलट या वयात चांगलं. फक्त मुलांच्या संघात तिला कोपऱ्यात उभं करतात का ते बघा. बॉल पायाला किती वेळा लागतो ते मोजा, गोल मोजू नका. आणि चौदा-पंधरा झाली की मुलींचा संघ शोधावाच लागेल, मग तो रत्नागिरीत असो की कोल्हापुरात. जन्मदाखल्यावरची आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख एकच आहे ना, ते आत्ताच बघून ठेवा. वयोगटाच्या स्पर्धेत ऐनवेळी याच कारणाने चांगल्या मुली बाहेर बसलेल्या पाहिल्या आहेत.

चिपळूणकरीण | १४ ऑगस्ट, ०८:१०

धन्यवाद सर. दाखले काढून बघते.

गणिती बंड्या | १४ ऑगस्ट, ११:३०

बांगलादेशाचा उल्लेख राहिला. क्रमवारीत १२८वा संघ, गटात म्यानमार, तोही म्यानमारच्याच मैदानात. २-१ ने जिंकले, दोन्ही गोल ऋतुपर्णा चाकमाचे. त्यांचा हा पहिलाच आशियाई चषक. दक्षिण आशियाई देशांची 'साफ' स्पर्धा त्यांनी लागोपाठ दोनदा जिंकली, २०२२ आणि २०२४, दोन्ही वेळा काठमांडूत नेपाळला हरवून. आपण स्वतःला उपखंडातले थोरले समजत बसलो होतो.

आता आपल्या गटाचं माझं गणित. जपान सोडून द्या. २०२३च्या ऑलिंपिक पात्रतेत व्हिएतनामकडून आपण १-३ हरलो होतो. तैपेईशी शेवटचा सामना. व्हिएतनामशी बरोबरी आणि तैपेईवर विजय मिळाला तर चार गुण, जवळजवळ नक्की आत. फक्त तैपेईवर विजय, तीन गुण, तरीही बहुतेक आत. व्हिएतनामशी पहिलाच सामना आहे हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. माझ्या मते बरं. हरलो तर नेमके किती गोल कमी खायचेत ते कळून पुढे खेळता येईल.

अलिबागहून आलोय | १४ ऑगस्ट, १२:०५

पहिलाच सामना वाईट. पहिल्या सामन्यात आपले पाय लटपटतात, तुमचं गणित काहीही म्हणो.

रापणकार | १४ ऑगस्ट, २०:५०

तारखो खंयच्यो?

तेरेखोलकाठ | १४ ऑगस्ट, २१:०२

४ मार्च व्हिएतनाम, ७ मार्च जपान, दोन्ही पर्थला. १० मार्च चायनीज तैपेई, सिडनीत. पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, सिडनी साडेपाच.

रापणकार | १४ ऑगस्ट, २१:२०

अगो बाय, त्याच दिसांत होळी! म्हणजे व्हिएतनामची मॅच ऐन शिमग्यात. आमच्याकडे पालखी भायर पडली की कोण टीव्हीसमोर बसतलो? पालखीची तारीख मानकऱ्यांका बदलूक सांगू काय?

चाकरमानी परळवाला | १४ ऑगस्ट, २१:३३

सांगा, सांगा. आणि मानकऱ्यांनी काय उत्तर दिलं ते इथे शब्दशः लिहा.

पीटीचे सर | १४ ऑगस्ट, २२:१०

आमच्या गावात पालखी रात्री निघते, दिवसाची मॅच असेल तर अडचण नाही. देवळाच्या सभामंडपात लाईट असते आणि गावात रेंज तेवढी तिथेच येते. मोठा पडदा शाळेकडून मी मागून आणतो. प्रोजेक्टर कोणाकडे आहे?

रापणकार | १४ ऑगस्ट, २२:१८

माझ्या भाच्याकडे आसा. वाडीत आणून ठेवतंय, पण सर, मॅचीच्या दिवशी थंयसून राजापुराक कोण आणतलो?